बेदाण्याचं चेंबर नंबर तीन : भिंतीच्या कामाच्या नोंदी

4 डिसेंबर 2024, तासगाव

कोल्ड स्टोरेजचे मालक अण्णा. तक्रार जुनीच, पण आता वीजबिलानं बोलती झालेली. पाच चेंबर आहेत. एक आणि दोन वीस वर्षांपूर्वीचे, ते ठणठणीत. तीन नंबर चार वर्षांपूर्वी वाढवला, आणि त्याचा कॉम्प्रेसर गेली दोन वर्षं दम खात नाही. आत पाच अंश ठेवायचे आहेत, पण पावसाळ्यात आठाच्या खाली येत नाहीत. आतला गिलावा खालच्या चार-पाच फुटांत फुगलाय, उत्तरेकडच्या भिंतीवर काळे ठिपके.

दिवाळीची उचल झाल्यामुळे माल थोडाच होता, तो चार नंबरमध्ये हलवला. नवा बेदाणा फेब्रुवारीत यायला लागेल. म्हणजे हाताशी दोन महिने, त्यातही भिंतीला नव्यानं मारायच्या डांबराचा वास जायला दिवस द्यायचे.

चेंबर 12 मीटर लांब, 9 रुंद, 6 उंच. भिंत बाहेरून आत अशी : गिलावा, नऊ इंची वीट, गिलावा, 50 मिमीच्या थर्माकोलचे दोन थर, जाळी, आतला गिलावा. कागदावर सगळं बरोबर दिसतं.

6 डिसेंबर

उत्तर भिंत उघडली. मिस्त्रींनी छिन्नी मारून गिलाव्याचा ढलपा काढला तर मागे पॉलिथिन. दुधी, जाडसर, व्यवस्थित ताणलेलं. त्याला चीर दिली आणि पाणी आलं. थेंब नव्हे, धार. मिस्त्रींच्या चपला भिजल्या.

"साहेब, ह्यो थर्माकोल न्हवं, भिजल्याली गादी हाय."

एक मीटर बाय अर्धा मीटरची पाटी, 50 मिमी जाड. कोरडी असती तर 400 ग्रॅम भरायला हवी. आतल्या थरातली, म्हणजे पॉलिथिनला चिकटलेली पाटी 1 किलो 900 भरली. तिच्याच मागची, विटेकडची, 460 ग्रॅम. तळाच्या रांगेतली एक 2 किलो 600. म्हणजे पाणी विटेकडून आलं, थर्माकोल ओलांडून पॉलिथिनपाशी थांबलं आणि तिथेच साठत गेलं. विटेच्या आतल्या बाजूला वाफ अडवणारं डांबर कुठेच नाही. नखभरही नाही.

7 डिसेंबर

अण्णांनी कपाटातून जुनं ड्रॉइंग काढलं. त्यावर टीप आहे : बाष्परोधक थर इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला. ही टीप कुठून आली ते ओळखायला वेळ लागला नाही. थंड देशातल्या घराच्या भिंतीचा तपशील उचलून जसाच्या तसा बेदाण्याच्या चेंबरला लावलाय. तिकडे घर आतून उबदार आणि बाहेर बर्फ, तेव्हा आतली बाजू बरोबर. वाफ अडवायची ती उबदार बाजूला. इथे आत पाच अंश आणि बाहेर तासगाव.

आधीच्या ठेकेदाराला नावं ठेवायला मी तयार होतो, पण काम बघून जीभ चावली. सांध्यावर सहा इंचांचा ओव्हरलॅप, प्रत्येक जोडाला टेप, कोपऱ्यात घडी. इतकं नीटस काम मी माझ्या साइटवर कमी वेळा पाहिलंय. हेच काम त्याने गचाळ केलं असतं, टेप सोडली असती, तर निम्मी वाफ आत निसटून चेंबर थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ होऊन बसली असती आणि थर्माकोल एवढा भिजला नसता. नीट केल्यामुळेच बुडालं.

9 डिसेंबर

रात्री हिशेब मांडला. पद्धत जुनीच, ग्लासरची : भिंतीच्या प्रत्येक थरात तापमान किती उतरतं, तिथे हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते आणि प्रत्यक्षात किती येते, हे शेजारी शेजारी लिहायचं.

जुलैतला दिवस धरला. बाहेर 25 अंश, आर्द्रता 85 टक्के. वाफेचा दाब साधारण 2,690 पास्कल, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, 22.3 अंश. आत 5 अंश. बाहेरून आत 20 अंशांची उतरण, त्यातले 17 एकटा थर्माकोल खातो. विटेचा आतला चेहरा 22.8 अंशांवर राहतो. थर्माकोलचा थंड चेहरा 5.8 वर, आणि तिथे हवेला जेमतेम 920 पास्कल पेलतात. म्हणजे 2,690 चा दाब 920 कडे ढकलतोय, आणि वाटेत पॉलिथिनचा अडसर घालायचा तो 920 च्या टोकाला घातलेला.

वीट आणि थर्माकोल मिळून जेवढा अडथळा करतात तेवढा वजा करून दिवसाला चौरस मीटरमागे चारेक ग्रॅम पाणी येतं. ऐकायला काहीच नाही. पण चारही भिंती मिळून 252 चौरस मीटर. रोज एक लिटर. अख्ख्या वर्षाचा, उन्हाळ्याची सूट देऊन, चौरस मीटरमागे पाऊण-एक किलो. चार वर्षांत तीनच्या वर. परवाच्या 1 किलो 900 च्या पाटीत दीड किलो पाणी होतं आणि पाटी अर्ध्या चौरस मीटरची, म्हणजे चौरस मीटरला तीन किलो. हिशेब आणि काटा इतका जुळला की मीच दोनदा तपासलं. एरवी माझे आकडे इतके सरळ वागत नाहीत.

डांबर विटेच्या आतल्या चेहऱ्यावर असतं तर? तिथे 22.8 अंश, दवबिंदू 22.3. अर्ध्या अंशानं वाचतो. फार भरोशाची फट नाही, झडीच्या दिवसांत तिथे दव धरेलही. पण ते विटेवर धरेल, आणि वीट ते पिऊन दुसऱ्या दिवशी बाहेर टाकेल. थर्माकोल कोरडा राहील.

10 डिसेंबर

अण्णांना समजावलं. त्यांचा प्रश्न रास्त : "उन्हाळ्यात बेचाळीस डिग्री असतंय, तवा तर कायम चालू असतंय. मग पावसाळ्यात थंड हवा असताना का मरतंय?" मे महिन्यात 39 अंश आणि आर्द्रता 25 टक्के धरली तर वाफेचा दाब 1,750 पास्कलच्या आसपास. जुलैपेक्षा बराच कमी. उष्णता मे महिन्यात जास्त ढकलते, वाफ जुलैत. भिंतीला या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आणि ओला थर्माकोल उष्णता अडवत नाही : पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

अण्णा म्हणाले, "म्हणजे पावसाळ्यानं भिजवायचं आन् उन्हाळ्यानं बिल द्यायचं." हो.

12 डिसेंबर

चारही भिंती आणि छत सोललं. विटेकडच्या बऱ्या पाट्या परत वापराव्यात असा आग्रह झाला. नाही म्हटलं. सोलताना निम्म्यांचे कोपरे तुटलेत, तुटक्या कोपऱ्यातून हवा खेळते.

19 डिसेंबर

आठ दिवस दारं उघडी टाकून वीट सुकवली. डिसेंबरची कोरडी हवा आहे म्हणून बरं, हे काम जुलैत निघालं असतं तर हात जोडले असते. सुकली की नाही बघायला साधा उपाय : फूटभर पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि सकाळी बघायचं. दक्षिण आणि पूर्व भिंत : तुकडा कोरडा. उत्तर : आतून घाम. म्हणजे वीट अजून ओल सोडतेय. यावर डांबर मारलं तर फोड येतील. अजून थांबायचं.

मिस्त्री गावी गेले, साखरपुडा.

27 डिसेंबर

उत्तरेचा तुकडाही कोरडा निघाला. प्रायमर मारला.

30 डिसेंबर

गरम डांबर, 85/25 ग्रेडचं. कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनचं आपलं मानक आय.एस. 661 आहे. एक आणि दोन नंबरचे चेंबर जुन्या गवंड्यांनी याच पद्धतीनं बांधले : वीट, गिलावा, डांबर, थर्माकोल. त्यांनी मानक वाचलं होतं का कोण जाणे. हात मात्र बरोबर होता.

दोन हात मारले, दुसरा पहिल्याला आडवा. डांबर ब्रशनं मारताना सुईएवढी भोकं राहतात. ती एकाच दिशेनं मारत गेलं की डोळ्यांतून निसटतात, आडव्या हातात बुजतात. परांचीच्या मागे, जिथे हात पुरत नाही तिथे, मी स्वतः टॉर्च घेऊन फिरलो. तीन ठिकाणी वीट दिसली.

3 जानेवारी 2025

थर्माकोल चढतोय. पाटीला डांबर लावायचं, पण उकळतं लावलं तर पाटीच वितळते, खड्डे पडतात. फार थंड झालं तर चिकटत नाही. मिस्त्रींचं थर्मामीटर म्हणजे त्यांची तर्जनी. "चटका बसाया नगं, पर सोडाया बी नगं." नव्या पोराने घाई केली, चार पाट्यांना चाळणी केली. त्या बाजूला काढल्या.

दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. पॉलिथिन यावेळी कुठेच नाही.

9 जानेवारी

छत आणि भिंतीचा कोपरा. दिवसभर एवढंच. भिंतीचं डांबर स्लॅबच्या पोटाला मारलेल्या डांबराशी सलग झालं पाहिजे, आणि नेमकी तिथेच तुळई आडवी येते. तुळई डांबरात गुंडाळली, तिच्यावरून थर्माकोल फिरवला. दिसायला गचाळ, पण सलग. पाठ धरली.

14 जानेवारी

संक्रांत. काम बंद. अण्णांच्या घरून तिळगूळ आणि बेदाणा.

20 जानेवारी

अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून मावसभावाचा फोन. तिकडे पारा उणे वीसच्या आसपास. गॅरेजवरच्या खोलीच्या भिंतीत ओल दिसली म्हणून त्यानं आतला बोर्ड कापला, तर मागे बाहेरच्या प्लायवूडवर पांढरं हिम जमलेलं. फोटो पाठवला. "दादा, तू ते कोल्ड स्टोरेजचं करतोस ना, मग सांग, प्लास्टिक आत हवं की बाहेर?"

तुझ्याकडे आत. माझ्याकडे बाहेर. तो हसला, त्याला वाटलं मी टाळतोय.

त्याला आकडे दिले. त्याच्या घरात 21 अंश, आर्द्रता 35 टक्के : वाफेचा दाब 870 पास्कल. बाहेर उणे वीस : जेमतेम शंभर. वाफ घरातून बाहेर पळतेय, म्हणून अडवायची घराच्या बाजूनं. गंमत म्हणजे त्याच्या दिवाणखान्यातल्या हवेचा दवबिंदू पाच अंशांच्या आसपास येतो, म्हणजे माझ्या चेंबरचं तापमान. ज्या हवेला तो दमट म्हणतोय ती मी इथे आणली तर माझ्या भिंती जेमतेम ओलसर होतील.

पण त्याच्या भिंतीत प्लास्टिक होतं. आतल्याच बाजूला, बरोबर जागी. मग हिम का? फोटो मोठा करून पाहिला. हिम सगळीकडे नाही, एका जागी दाट आणि तिथून पिसाऱ्यासारखं वर गेलेलं. पिसाऱ्याच्या मुळाशी दिव्याच्या बटणांची पेटी. वायरमननं प्लास्टिक कापून पेटी बसवली आणि कडा तशाच सोडल्या. अमेरिकेतल्या बिल्डिंग सायन्सवाल्यांचा एक नेहमी दिला जाणारा आकडा आहे : थंडीच्या एका हंगामात चार बाय आठ फुटांच्या बोर्डातून जितकं पाणी झिरपतं, त्याच्या नव्वद पट त्याच बोर्डातल्या एक चौरस इंच भोकातून हवेबरोबर जातं. त्याला सांगितलं, प्लास्टिकला हात लावू नकोस, पेटीच्या कडा सील कर.

तळघराचंही विचारत होता. तिथे प्लास्टिक नकोच : काँक्रीटला मातीची ओल बाहेरून, घरातली वाफ आतून. काँक्रीटला थेट फोमचे बोर्ड चिकटव, म्हटलं.

24 जानेवारी

अण्णांशी खडाजंगी. आतला गिलावा झाला, आता त्यांना वर ऑइल पेंट हवाय. व्यापारी माल बघायला येतात, भिंत चकचकीत दिसली पाहिजे. मी म्हटलं, मग परत पॉलिथिनच लावूया की. ऑइल पेंट थंड बाजूवरचं झाकण आहे. डांबरातून चुकून जी वाफ येईल तिला आत यायला मोकळी वाट हवी. ती आत आली की कॉइलवर बर्फ होते, डिफ्रॉस्टला वितळते आणि नळीनं बाहेर जाते. चेंबरमधला सगळ्यात चांगला पंप तोच आहे.

शेवटी साधा पांढरा चुना. अण्णा दोन दिवस नीट बोलले नाहीत.

29 जानेवारी

बिजागरी, पट्ट्यांचा पडदा, पंख्यांच्या वायरी. वायरमन आला आणि गेला. बिल दिलं.

दोन ठिकाणी तपासणीच्या खिडक्या ठेवल्यात, एक उत्तर भिंतीत, एक छताला पंख्याजवळ. आतल्या थरातला 200 बाय 200 मिमीचा तुकडा काढून वजन करता येईल असा. कोरडा तुकडा 32 ग्रॅम. एवढं बारीक वजन मोजायला सिमेंटच्या दुकानातला काटा चालत नाही. अण्णांचे एक पाहुणे गलाईवाले, सोनं वितळवण्याच्या धंद्यात, त्यांच्याकडून जुना काटा आणला. त्यावर थर्माकोल ठेवलेला बघून ते बराच वेळ हसत होते.

3 फेब्रुवारी

मशीन चालू. एकदम पाचवर न्यायचं नाही, रोज दोन-तीन अंश. नवा गिलावा घाईनं थंड केला की तडकतो.

वासाची परीक्षा : वाटीभर लोणी उघडं ठेवलं. लोणी शेजारच्याचा वास लगेच घेतं. दोन दिवसांनी मिस्त्रींनी चाखून तोंड वाकडं केलं. पंखे चालू, दारं उघडी, अजून आठवडा.

14 फेब्रुवारी

दुसरं लोणी पास. 15 किलोच्या बॉक्सची पहिली गाडी आत गेली. पाच अंशांवर कॉम्प्रेसर थांबतोय आणि पुन्हा लागायला वेळ घेतोय. अण्णा कानावर हात ठेवून ती शांतता ऐकत उभे होते.

18 मे, रत्नागिरी

सुट्टीत मेव्हण्याकडे. काम सोडून आलो तरी भिंत पाठ सोडत नाही. त्यांनी चिऱ्याच्या जुन्या घरात एक खोली एसी केली, भिंतींना प्लास्टिकचा फुलाफुलांचा वॉलपेपर. आज सकाळी त्याचा एक कोपरा उचलून बघितला : मागे काळी बुरशी, गुळगुळीत, हाताला ओली. एसी रात्रभर बावीसवर. कोकणातली हवा आणि पावसात भिजणारा चिरा यांची ओल बाहेरून येते आणि थंड वॉलपेपरच्या पाठीवर थांबते. तीन नंबर चेंबरची धाकटी बहीण. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या दमट भागात, फ्लोरिडाकडे, एसी हॉटेलांच्या खोल्यांत विनाइलच्या वॉलपेपरमागे हीच बुरशी धरते.

उपाय सांगितला : वॉलपेपर उतरवा, साधं डिस्टेंपर मारा, एसी सव्वीसवर, बाहेरचा चिरा पावसापासून राखा. मेव्हण्याला वॉलपेपरचा खर्च आठवत होता. हापूस मात्र भरपूर झाला.

माझ्या सांगलीच्या घराला कुणी विचारलं तर उत्तर : काहीच लावू नका. खिडक्या उघड्या, आत-बाहेर हवा सारखीच. भिंतीला दोन्ही बाजूंनी सुकू द्यायचं.

28 मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस. उत्तर भिंतीचा तुकडा 32 ग्रॅम. छताचा 34. चेंबर पाचवर.

22 जून

अण्णांचा फोन, सकाळी सहाला. छतातल्या पंख्यापाशी थेंब पडतोय, खालचे बॉक्स भिजले. अकरा बॉक्स. बेदाण्याला पाणी लागलं की गोळा होतो.

गेलो. पंख्याच्या वायरीची पीव्हीसी नळी. छतातून वर गेलेली, वरचं तोंड गच्चीवरच्या पत्र्याखाली उघडं. पावसाळी हवा नळीतून सरळ खाली येते, पाच अंशांच्या टोकाशी तिचं पाणी होतं. नळीच्या बाहेरूनही डांबर फोडलेलं आणि कडा तशाच. शेजारच्या खिडकीतला तुकडा 41 ग्रॅम.

मिनियापोलिसच्या पेटीवर मी अर्धा तास बोललो होतो. नऊ दिवसांनी माझ्या साइटवर वायरमन आला, छिद्र पाडून गेला, आणि मी त्या दिवशीच्या नोंदीत "बिल दिलं" एवढंच लिहिलंय.

24 जून

नळी मोकळी केली. भोकाभोवती फूटभर थर्माकोल कापून डांबर उघडं केलं, नळीला कॉलर करून डांबर तिच्यावर चढवलं. नळीच्या आत, वरच्या म्हणजे उबदार तोंडाला, पुट्टी ठासून भरली. खालचं तोंड मुद्दाम मोकळं ठेवलं. वायरमन म्हणाला, "पाणी खालनं गळतंय तर बूच वर कशाला?" त्याला गच्चीवर नेऊन नळीच्या तोंडाशी हात धरायला लावला. हवा आत ओढली जातेय ते त्याला कळलं.

मग बाकीची सगळी भोकं मोजली. वायरी, सेन्सर, कॉइलच्या पाइप, डिफ्रॉस्टची नळी. चौदा. त्यातली पाच सील नव्हती. अकरा बॉक्सचे पैसे मी दिले.

मावसभावाला फोटो पाठवला. उत्तरात फक्त हसणारे तीन चेहरे.

10 ऑगस्ट

आठवडाभर झड. बाहेर 24 अंश, आर्द्रता 90 च्या वर. चेंबर पाचवर, कॉम्प्रेसर थांबतोय.

उत्तर भिंत 32 ग्रॅम. छत, पंख्याजवळ : जूनमध्ये 41, जुलैत 40, आज 39. सुकतंय, पण पाच अंशांत थर्माकोल आपल्या वेळेनं सुकतो. काटा अजून परत केलेला नाही, गलाईवाल्यांनी दोनदा विचारलंय. दिवाळीपर्यंत ठेवतो म्हटलं.

अण्णा आता चार नंबरची भिंत उघडून बघूया म्हणतात.